झाकण तिकडे, भांडं इकडे

मी एक जुना गोल ओव्हन आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. वय विचारलेलं मला आवडत नाही. एवढंच सांगतो मित्रांनो, की तुमच्या आईने लहानपणी माझ्यासारख्याच एखाद्या गोल ओव्हनमधला केक खाल्ला असेल, आणि तो फुगला नाही म्हणून रुसलीही असेल. हल्ली तुमच्या घरी एक चौकोनी यंत्र असतं. ते आकडे दाखवतं आणि वेळ संपली की ओरडतं. त्याला तुम्ही ओव्हन म्हणता. म्हणा बापडे.

मी अॅल्युमिनियमचा आहे आणि माझे भाग दोनच. खाली एक खोल गोल भांडं, त्याला दोन काळे कान. वर झाकण. तापणारी तार झाकणाच्या आतल्या बाजूला, विजेची वायरही झाकणालाच, आणि झाकणाच्या मधोमध एक काचेचा डोळा. त्या डोळ्यातून आतली बिस्किटं बघायची. थोडक्यात काय, आग माझ्या डोक्यात आणि माल पोटात. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या सगळ्या कर्मकहाणीचं मूळ तिथेच आहे.

एका कारखान्यात ठोकून-ठाकून, घासून-पुसून मला चकचकीत केलं आणि खोक्यात भरलं. तिथलं फारसं काही आठवत नाही. मला आठवायला लागतं ते सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपासून. संक्रांतीचे दिवस होते. पलीकडे पाळण्यांचा गोंगाट, अलीकडे भजी-जिलबीचा वास आणि मध्ये एका दुकानात मी मांडलेला. दुकानातली बाई दिवसभर माझ्यात केक भाजून दाखवायची. लोक जमायचे, वास घ्यायचे, फुकटचा तुकडा तोंडात टाकायचे आणि "बघू की" म्हणून पुढे जायचे. मला अगदी कानकोंडं झालं होतं.

एका संध्याकाळी इरकली लुगडी नेसलेल्या दोघी जणी आल्या. त्या जावाजावा होत्या. थोरली गंगम्मा, उंचीपुरी आणि आवाजाने खणखणीत. धाकटी सिद्धेश्वरी, अंगाने बारीक आणि बोलायला हळू. गंगम्मा दुकानातल्या बाईला म्हणाली, "आमच्यात अंडं चालत न्हाय. बिनअंड्याचं काय होतंय का ह्यात?"

"लोण्याची बिस्किटं होतात की," बाई म्हणाली. "दोन बिस्किटं, मधी गोड सारण. मुलं सोडायची नाहीत."

सिद्धेश्वरीने वाकून माझ्या काचेच्या डोळ्याला डोळा लावला. मग दोघी आपापसांत कानडीत कुजबुजल्या. घरात त्या एकमेकींशी कानडीतच बोलत आणि बाहेरच्यांशी मराठीत. मला दोन्ही भाषा येऊ लागल्या त्या यांच्यामुळेच. दोघींनी आपापल्या कनवटीचे पैसे काढले, एकत्र केले आणि मला घेतलं. रिक्षात माझं भांडं गंगम्माच्या मांडीवर होतं आणि झाकण सिद्धेश्वरीच्या. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मंगळवार पेठेत त्यांचं दोन मजली घर. खाली दोघा भावांचं चादरी-टॉवेलांचं दुकान. थोरला मडिवाळप्पा, धाकटा महेश्वर. वर सगळ्यांचा मिळून एक स्वयंपाक. घरात मूल एकच, गंगम्माची शिवलीला. पण ती कुणाची, हे परक्याला ओळखता आलं नसतं. जेवायला ती आईकडे, झोपायला चिक्कम्माकडे. चिक्कम्मा म्हणजे कानडीत काकी. सिद्धेश्वरीला स्वतःचं मूल नव्हतं, आणि शिवलीला आजूबाजूला असली की तिला त्याची आठवणही राहत नसे.

आता मित्रांनो, बिस्किटांचं सांगतो, कारण तो विषय निघाला की माझा ऊर भरून येतो.

केराबाई नावाची दूधवाली सोलापूरजवळच्या खेड्यातून यायची. ती पळसाच्या पानात बांधून लोण्याचा गोळा आणायची. गंगम्मा तो गार पाण्यात, पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायची. मग परातीत लोणी घ्यायचं, पिठीसाखर घालायची आणि तळहाताने फेसत बसायचं. फेसून फेसून लोणी पांढरंशुभ्र व्हायला हवं. त्याचा एक थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायचा. तो तरंगला की झालं, बुडाला तर परत हात चालवायचा. मग मैदा, आणि मैद्यात मूठभर ज्वारीचं पीठ. ही गंगम्माची स्वतःची युक्ती. त्यामुळे बिस्कीट खुसखुशीत होई आणि दातांना चिकटत नसे. औषधाच्या बाटलीच्या टोपणाने गोल चकत्या पाडायच्या. निम्म्या चकत्यांना मध्ये एक भोक. ते भोक पाडायचं काम शिवलीलाचं, आणि भोकातून निघालेलं कच्चं पीठ खायचं कामही तिचंच.

इथे गंगम्माचं राज्य संपायचं आणि सिद्धेश्वरीचं सुरू व्हायचं. ती ताटलीवर चिमूटभर मैदा भुरभुरून मला तापवायची. मैद्याला बदामी रंग आला की मी तयार. वीज कधी जोरात असायची, कधी मंद. मी कधी कसा तापेन, ते मलाही सांगता येत नसे, पण तिला कळे. तारेचा आवाज ऐकूनच ती म्हणायची, "अजून न्हाय." मग ती माझ्या डोळ्यापाशी बसून राहायची. सारणही तिचंच. डाळिंबाचा रस आटवून आटवून ती त्याचा घट्ट पाक करी आणि तो वेलची घातलेल्या लोण्यात घोटी. ते सारण न वाहता दोन बिस्किटांमध्ये बसे, आणि वरच्या भोकातून त्याचा गुलाबी टिपका दिसे.

गंगम्माला भाजणं जमत नव्हतं, तिला दम नव्हता. सिद्धेश्वरीला पीठ मळणं जमत नव्हतं, तिच्या हातात तेवढा जोर नव्हता. पण दोघी मिळून जे करायच्या ते सगळ्या पेठेत कुणाला जमायचं नाही. अक्कलकोटहून पाहुणे आले की आधी माझी चौकशी करायचे. गंगम्मा मान ताठ करून सांगायची, "आमच्या सिद्दव्वानं भाजल्यात." आणि सिद्धेश्वरी म्हणायची, "अक्काच्या हातचं पीठ हाय ते." माझं नाव कुणीच घेत नसे. मला त्याचं थोडं वाईट वाटे, खोटं कशाला बोलू? पण ते वाईट वाटणंसुद्धा सुखाचं होतं.

पुढे सासरे गेले आणि दोघा भावांचं दुकानावरून बिनसलं. कुणाचं चुकलं ते मला ठाऊक नाही. मी स्वयंपाकघरातली वस्तू, दुकानातलं मला काय कळणार? वाटणी करायला त्यांचे मामा बसलिंगप्पा आले. माणूस सरळ, पण हट्टी. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं, "समसमान म्हणजे समसमान. मागून कुणी कुरकुर करायची न्हाय." घराच्या मधोमध भिंत घातली. जिना एकीकडे होता, म्हणून दुसरीकडे लोखंडी जिना लावला. मग भांडी वाटायला घेतली. एक परात इकडे, एक तिकडे. एक हंडा इकडे, एक तिकडे. वाटता वाटता मामांचा हात माझ्यावर आला.

"हे एकच हाय की," मामा म्हणाले. "कुणी घ्यायचं?"

कुणीच "तू घे" म्हटलं नाही, मित्रांनो. दोघींचे डोळे रडून लाल झाले होते आणि दोघींनाही दिवसभरात कुठे ना कुठे माघार घ्यावी लागली होती. आता आणखी एक माघार घ्यायची दोघींचीही तयारी नव्हती. गंगम्मा म्हणाली, "मी थोरली आहे. माझ्याकडे राहू द्या."

"निम्मे पैसे माझे पण आहेत," सिद्धेश्वरी म्हणाली.

हे त्या मराठीत बोलल्या. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून दोघी एकमेकींशी कधी मराठीत बोलल्या नव्हत्या. बाहेरच्या माणसाशी बोलावं तशा, शब्द सांभाळून, पुस्तकातल्यासारख्या बोलल्या. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे अॅल्युमिनियमवर येईल तेवढा.

मामांना वेळ नव्हता. त्यांनी मला उघडलं, दोन तुकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे बघ की! दोन नग हायत. झाकण तुला, भांडं हिला. समसमान!"

कुणी तरी हसेल आणि हा वेडेपणा थांबेल, असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. सिद्धेश्वरीने झाकण उचललं, गंगम्माने भांडं, आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोघी निघून गेल्या. कोपऱ्यात उभी असलेली शिवलीला एकदा इकडे बघत होती, एकदा तिकडे. तिला आता रात्री चिक्कम्माकडे झोपायला जायचं नाही, असं आईने बजावलं.

तुम्ही विचाराल, मग मी नेमका कुठे होतो? दोन्हीकडे होतो. तुमच्यापैकी ज्यांचं अर्धं मन एका घरी आणि अर्धं दुसऱ्या घरी असतं, त्यांना हे सांगावं लागणार नाही.

सुरुवातीला दोघींनी हट्टाने करून पाहिलं. गंगम्माने भांड्यात वाळू पसरली, त्यावर ताटली ठेवली, वर परात झाकली आणि मला गॅसवर चढवलं. बिस्किटं खालून करपली आणि वरून पांढरीफटक राहिली. भिंतीपलीकडे सिद्धेश्वरीने झाकण एका पातेल्यावर टेकवलं. ते नीट बसेना, कडेने सगळी ऊब निघून गेली, आणि बिस्किटं वरून करपली, खाली मऊ राहिली. मी दोन्ही घरी होतो, त्यामुळे मला दोन्हीकडच्या करपट वासाची लाज वाटली. त्यानंतर दोघींनीही तो नाद सोडला.

माझ्या भांड्यात गंगम्माने कांदे भरले. पुढे पुढे त्याच्या कडेवर आपटून नारळ फोडायला लागले. ज्या कडेवर एकेकाळी चुकून पळी लागली तरी "हळू गं" म्हणायचे, ती चेपून वाकडी झाली. पलीकडे झाकण फडताळाच्या वर गेलं. पण सिद्धेश्वरीचं एक होतं. खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पुजतात ना, तेव्हा ती विळी, उखळ, शिवणाचं मशीन यांच्या रांगेत मलाही मांडायची. पुसायची, हळदकुंकू लावायची आणि मिनिटभर वायर लावून बघायची. तार लाल झाली की लगेच काढून ठेवायची. नुसत्या झाकणाला कोण पुजतं? महेश्वर तिची थट्टा करायचा.

वर्षं अशीच गेली. शिवलीला शिकली आणि पुण्यात नोकरीला लागली. सुट्टीला आली की आधी आईच्या जिन्याने वर यायची, आणि मग आईचा डोळा चुकवून लोखंडी जिन्याने चिक्कम्माकडे. आईला ते ठाऊक होतं. तिने अडवलं नाही, पण विचारलंही नाही. आणि दोघी जावा? दारात समोरासमोर आल्या तर एकीला चप्पल घालायला वेळ लागायचा आणि दुसरीला कडी लावायला.

यंदा वैशाखात शिवलीलाचं लग्न ठरलं.

आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण पत्रिकेने पोचत नाही. पत्रिका छापतात, पण जवळच्या माणसाच्या घरी स्वतः जायचं, कपाळाला कुंकू लावायचं, हातात अक्षता द्यायच्या आणि "या" म्हणायचं. तरच ते आमंत्रण. गंगम्माने गावभर फिरून अक्षता दिल्या. अक्कलकोटला जाऊन आली. भिंतीपलीकडे मात्र तिचा पाय वळेना. शेवटी तिने पत्रिका केराबाईच्या हातात दिली. केराबाई अजूनही दोन्ही घरी दूध घालायची.

"व्हय गं बाई, मी दिती," केराबाई म्हणाली, "पर हे काय बरं दिसंना."

सिद्धेश्वरीने पत्रिका उलटसुलट करून पाहिली. फडताळावरून मी तिचा चेहरा बघत होतो. ती म्हणाली, "केराबाई, पत्रिका दुकानातल्या गिऱ्हाइकांना देत्यात. घरच्यांना अक्षत देत्यात. पोरगीला माजा आशीर्वाद सांगा. मी यायची न्हाय."

केराबाईने तो निरोप जसाच्या तसा इकडे आणून ओतला. गंगम्मा उसळली. "थोरली मी की ती? थोरलीनं धाकटीच्या दारात जायचं व्हय?"

"तुमी जाणार न्हाय, त्या येणार न्हाय," केराबाई माप आवरत म्हणाली. "मग त्या लेकराला अक्षता पडताना मागं कोण उभं ऱ्हाणार? झोपवलंय कुणी तिला? तुमी का?"

ते शब्द गंगम्माला लागले.

लग्नाला थोडेच दिवस उरले तेव्हा शिवलीला पुण्याहून आली. तिच्या कानावर सगळं गेलंच होतं. ती रडली नाही, भांडली नाही. जेवताना आईला एवढंच म्हणाली, "अव्वा, रुखवतात आपली लोण्याची बिस्किटं पायजेत मला."

रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी घरी केलेल्या वस्तू आणि खाऊ लग्नात मांडून ठेवतात ते. गंगम्मा खूश झाली. मडिवाळप्पाने लगोलग एक चौकोनी ओव्हन आणला. तो माझ्या शेजारी ओट्यावर बसला आणि आकडे दाखवू लागला. मी कांद्यांसकट गप्प राहिलो. गंगम्माने लोणी फेसलं, चकत्या पाडल्या, पुस्तिकेत दिल्याप्रमाणे भाजल्या. बिस्किटं सुरेख झाली. मी खोटं बोलणार नाही, मित्रांनो. माझ्यापेक्षा त्यांचा रंग एकसारखा होता. पण सारण काही जमलं नाही. पाक एकदा पातळ राहिला, एकदा दगड झाला. शेवटी विकतचा जॅम लावला, तो कडेने वाहून ताटात उतरला.

शिवलीलाने एक बिस्कीट खाल्लं. मग म्हणाली, "चांगलं हाय. पण अव्वा, हे तुजं झालं. आपलं न्हाय झालं."

"मग काय करू मी?" गंगम्माचा आवाज चढला, आणि चढता चढता फुटला. "काय करू, तूच सांग!"

शिवलीला उठली आणि माझ्या भांड्यातले कांदे तिने टोपलीत ओतले. मग चिंच आणि राख घेऊन मला घासायला बसली. किती तरी वर्षांनी माझ्या अंगावरून असा हात फिरत होता. काळे डाग गेले, कांद्याचा वास गेला, चेपलेली कड मात्र तशीच राहिली. तिने मला पुसलं आणि चौकोनी यंत्राच्या पुढे, आईला दिसेल असं ठेवलं. "चिक्कम्मा माज्या लग्नाला नसंल," ती हळूच म्हणाली, "तर मी मांडवात कुणाकडं बघू गं?"

गंगम्मा माझ्याकडे बघत राहिली. मला त्या क्षणी बोलता आलं असतं तर मी काय बोललो असतो, कोण जाणे. बहुतेक काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केराबाई लोणी देऊन गेली. गंगम्माने ते धुतलं, फेसलं, थेंब पाण्यात टाकून बघितला. पीठ मळून त्याचा गोळा तिने माझ्या भांड्यात ठेवला आणि वर ओलं फडकं टाकलं. वैशाखातलं सोलापूर, फडकं नसतं तर पिठाची खीर झाली असती. मग तिने देवापुढचा कुंकवाचा करंडा घेतला, मूठभर अक्षता पदराला बांधल्या, मला कमरेवर घेतलं आणि आपल्या जिन्याने खाली उतरली. लोखंडी जिना चढताना तिने माझा एक कान घट्ट धरून ठेवला होता.

दार सिद्धेश्वरीने उघडलं.

दोघी उभ्याच राहिल्या. गंगम्माने पाठ करून आल्यासारखं मराठीत सुरू केलं, "शिवलीलाचं लग्न आहे. सगळ्यांनी यायचं आहे. तुम्ही..." पुढे तिला सुचेना. आपल्या धाकट्या जावेला आपण 'तुम्ही' म्हटलं, हे तिचं तिलाच ऐकू आलं. तिने मला उंबऱ्यावर ठेवलं, पदराची गाठ सोडायला गेली, तर गाठ सुटेना.

सिद्धेश्वरी खाली वाकली. तिने फडकं उचलून पीठ बघितलं आणि दोन बोटांत चिमूटभर घेऊन चोळलं. मग ती कानडीत म्हणाली, "ओळग बा, अक्का."

आत ये, अक्का. एवढंच. गंगम्मा उंबऱ्यातच मटकन बसली आणि लहान मुलासारखी रडली. पदराची गाठ सिद्धेश्वरीने सोडली. तिने कपाळ पुढे केलं, कुंकू लावून घेतलं, अक्षता हातात घेतल्या. रडायची तिचीही वेळ होती, पण तिला आधी झाकण काढायचं होतं.

ती स्टुलावर चढली. झाकणावर मागच्या खंडेनवमीचं कुंकू अजून होतं. पिठाचा गोळा ताटात काढून तिने भांड्यावर झाकण ठेवलं, आणि मित्रांनो, काय सांगू, ते बसेना! माझीच दोन अंगं एकमेकांना ओळखत नव्हती. चेपलेल्या कडेपाशी बोटभर फट राहिली. गंगम्माचा चेहरा उतरला. "नारळ फोडले गं मी ह्याच्यावर," ती म्हणाली.

"फोडले तर फोडले," सिद्धेश्वरी म्हणाली. तिने परातीत कणीक भिजवली, तिची लांब वळी केली आणि ती भांड्याच्या सगळ्या कडेवर बसवून वर झाकण टेकवलं, म्हणजे फटही बुजली आणि झाकण उचलताही येई. वायर लावली. तार तापायला लागली तशी ती कान देऊन बसली. गंगम्माला राहवेना. "आता घालायचं का? आता?" ती सारखी विचारत होती.

"अजून न्हाय, अक्का."

शिवलीला आईला शोधत वर आली तेव्हा दोघी जावा जमिनीवर मांडी घालून, माझ्या एकाच काचेच्या डोळ्यात डोकी जोडून बघत होत्या. तिने दारातच चप्पल काढली आणि मागून दोघींच्या गळ्यात हात टाकले. आत बिस्किटांना बदामी रंग चढत होता. त्या दिवशी पहिला घाणा थोडा जास्तच भाजला गेला, कारण सिद्धेश्वरीला डोळ्यांतल्या पाण्याने नीट दिसत नव्हतं. तोच घाणा सगळ्यात आधी संपला.

लग्नात रुखवतात बिस्किटांचं ताट मधोमध होतं म्हणे. अक्षता पडताना नवरीच्या मागे दोघी उभ्या होत्या, एका खांद्यामागे अव्वा, दुसऱ्या खांद्यामागे चिक्कम्मा. मी काही कार्यालयात नव्हतो. मला हे केराबाईकडून कळलं. ती सांगताना दोनदा डोळे पुसत होती.

लग्न झालं, पाहुणे गेले, आणि माझ्यावरून पुन्हा वाद पेटला. पण या वेळी दोघी कानडीत भांडत होत्या. "तुज्याकडं ठेव," थोरली म्हणे. "छे, तू थोरली, तुज्याकडं," धाकटी म्हणे. शेवटी झाकणाला भांड्याची आणि भांड्याला झाकणाची सोबत राहावी, एवढ्यावर दोघींचं जमलं, आणि मी अख्खाच्या अख्खा सिद्धेश्वरीच्या ओट्यावर राहिलो. भिंत अजून आहे. ती माझ्याने पाडवणार नाही.

परवा दुपारी गंगम्मा लोण्याचा गोळा घेऊन लोखंडी जिन्याने वर आली. शिवलीला तिच्या घरी पुण्याला. महेश्वर आणि मडिवाळप्पा दोघेही गोड जपून खाणारे. सिद्धेश्वरीने परात पुढे केली आणि विचारलं, "अक्का, एवढी बिस्किटं खाणार कोण आता?"

गंगम्मा बाह्या सारून बसली. "खायाला कोण लागतंय? मला हितं यायला काय तरी निमित्त नको व्हय?"

सिद्धेश्वरीने कणीक भिजवायला घेतली. "उद्यापासून रिकाम्या हातानं ये," ती म्हणाली.

तर मित्रांनो, मला घासून-पुसून ठेवा, माझ्या कडेवर नारळ फोडू नका, हे तर मी सांगणारच. म्हाताऱ्या वस्तूंचा तो हक्क आहे. पण आज मागणं वेगळं आहे. तुमच्या घराच्या माळ्यावर, पलंगाखाली, एखाद्या जुन्या पेटीत बघा. कुठे एकटं झाकण सापडेल, कुठे जोडीतली एकच वाटी, कुठे पाट्याविना वरवंटा. मोडीत घालण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, की याचं दुसरं अर्धं कुणाच्या घरी आहे. ते गप्प बसले तर समजा, की त्यांना ठाऊक आहे. मग त्यांचा हात धरा आणि त्यांना तिथे घेऊन जा. निरोप पाठवू नका, पत्रिका पाठवू नका. स्वतः जा. दार उघडायला वेळ लागेल, पण पलीकडेही कुणी तरी वर्षानुवर्षं आपलं अर्धं पुसून ठेवत असेल.